मुद्दा क्रमांक सात

बेलार्ड इस्टेट, तिसरा मजला.
सभा तीन वाजून दहा मिनिटांनी सुरू झाली,
गणसंख्या पुरी होती. हे मी लिहिलं.
खारे काजू होते. हे लिहायचं नसतं.

सातवा मुद्दा: शेगडीची नळी, नारिंगी, दीड मीटर.
भांडुपच्या प्रयोगशाळेतून पेडणेकर आला होता,
बाहेरच्या बाकावर दीड तास बसून.
म्हणाला, मिश्रण बदलल्यानंतरच्या नळ्या
चौदाव्या महिन्यात चिरतात.
आतून. वरून कळत नाही.
किती विकल्या?
दोन लाख दहा हजार.
कपाडियाशेठ म्हणाले, "म्हणजे सगळ्याच चिरतात असं नाही ना?"
पेडणेकर बुटांकडे बघत म्हणाला, "सगळ्या नाही."
मग ते दोन शब्द
काजूच्या बशीसारखे टेबलभर फिरले.

सल्लागार सबनीसांच्या पडद्यावर दोन खांब.
माल परत मागवणं: अकरा कोटी.
भरपाई, अंदाजे: दीड.
"जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त हित," ते म्हणाले,
आणि कामगार, भागधारक, पुरवठादार
सगळ्यांना एका पारड्यात बसवलं.
दुसऱ्या पारड्यात 'अंदाजे' एकटाच होता.

खंबाटासाहेब, स्वतंत्र संचालक, वय एक्क्याऐंशी,
घसा साफ करून म्हणाले,
माणूस कुणाचं साधन नसतो, तोच साध्य असतो.
सगळ्यांनी माना डोलावल्या.
तेवढ्यात त्यांची गाडी आल्याचा निरोप आला,
त्यांनी ठरावाला हात वर केला आणि काठी शोधू लागले.

"आपण कायदा मोडतोय का?" मला विचारलं गेलं.
मी कंपनी सेक्रेटरी. म्हटलं, नाही.
खरंच होतं ते.
प्रमाणपत्र जुन्या मिश्रणाचं होतं, पण तारीख चालू होती.

लिहिलं:
सविस्तर चर्चा झाली. अहवालाची नोंद घेण्यात आली.
लक्ष ठेवावे, असे सर्वानुमते ठरले.
इंग्रजीत लिहिलं, मनात मराठी करून पाहिलं.
दोन्हीकडे कर्ता सापडला नाही.

मुलुंडला घरी आले ती पर्ससकट ओट्याखाली वाकले.
नारिंगी. कर्मचारी सवलतीतली. तेरा महिने.
रात्री नऊला कोपऱ्यावरून दुसऱ्या कंपनीची आणली,
दोनशे चाळीस रुपये.
माझ्या घरापुरतं नीतिशास्त्र
अर्ध्या तासात आटपलं.

सकाळी सुगंधा भांडी घासायला आली.
"ताई, ही टाकताय? चांगली तर आहे. मी नेऊ?"
नळी वाकवून बघत होती, कानाशी धरून,
जणू आतलं काही ऐकू येईल.
कांजूरला तिची दहा बाय बाराची खोली,
मुलं शेगडीला टेकूनच अभ्यास करतात.

इथे पडदा नव्हता. अंदाजे नव्हतं.
मी नळी तिच्या हातातून घेतली.
कात्री चालेना, मग भाजीची सुरी घेतली.
ती बघत राहिली.
"एवढी वाईट होती, तर इतके दिवस कशी ठेवलीत?"
मी कापत राहिले.
"आमच्या चाळीत सगळ्यांकडे हीच आहे," ती म्हणाली,
"स्वस्त पडते."
आणि नळ सोडला.

पुढच्या सभेचा पहिला मुद्दा नेहमीचाच:
मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे.
मसुदा उघडा आहे.
'सर्वानुमते'पाशी मी तीन दिवस थांबले आहे.
मला तिथे मत नाही, फक्त पेन आहे.
पर्समध्ये चार इंचांचा तुकडा,
किल्ल्यांना रबराचा वास लागलाय.

दुपारी पेडणेकरला फोन केला.
अहवालाची प्रत हवी, सही-शिक्क्यासकट.
तो जरा थांबला.
"कुणाच्या नावे करू, मॅडम?"
माझ्या, म्हटलं.
पलीकडे यंत्र चालू होतं, त्याला ऐकू गेलं नाही.
पुन्हा सांगावं लागलं,
जरा मोठ्यानं.